बारदानासकट

प्रिय मामा,

उद्या सकाळी नऊ वाजता मुक्ताईच्या देवळासमोर माझी गूळतुला आहे. नवस तुझा, भाची तुझी, काटाही तुझाच. तेवढा तू मात्र निघून गेलास. काम अंगावर घ्यायचं आणि ऐन वेळी गायब व्हायचं ही तुझी जुनी सवय. पण या वेळी एवढ्या लांब जायचं काही कारण होतं का?

म्हणून आज दुपारी पिंपरी पेंढारच्या तुझ्या ओसरीवर, तुझ्याच काट्याला पाठ टेकून हे पत्र लिहायला बसलेय. आत मामी गुळाच्या ढेपांवरचं फडकं दर दहा मिनिटांनी उचलून बघतेय. ढेपा पळून जातील अशी तिला भीती आहे. तू गेल्यापासून तिचा कुणावर विश्वास उरलेला नाही.

पत्र तुला पोचणार नाही हे मला कळतं. पण समोर बसलेला असतानाही तू कुणाचं ऐकायचास?

हा काटा बाजारानं मोडीत काढला तेव्हा तू तो बैलगाडीत घालून घरी आणलास, ही गोष्ट तू मला निदान पन्नास वेळा सांगितलीयेस. बाजारात कांद्याच्या गोण्या तोलतो, घरी माणसं तोलीन, असा तुझा विचार. पाहुणा आला की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी तू म्हणायचास, "पावणं, चढा बरं वाईच." निघताना परत चढवायचास. जाताना वजन वाढलेलं नसलं तर तो मामीच्या स्वयंपाकाचा अपमान समजायचास. त्या भीतीनं लोक निघायच्या आधी दोन तांबे पाणी पिऊन घ्यायचे. मामी मात्र तीस वर्षांत एकदाही काट्यावर चढली नाही. "मी काय कांदा हाय व्हय?" असं म्हणून ती चुलीकडे वळायची.

माझं तर काय, मी तुझं हक्काचं गिऱ्हाईक. निरगुडसरहून दर मे महिन्यात यायचे, आले की तोल, निघाले की तोल. मासवडी, शेंगदाण्याचे लाडू, दुधात कुस्करलेली भाकरी. "ताई, औंदा चार किलो चढवली पोरगी," असं तू माझ्या आईला सांगायचास तेव्हा मिशीला हात जायचा तुझा. आईही खूश व्हायची. गुटगुटीत पोरगी म्हणजे खात्यापित्या घरची पोरगी. मामाच्या घरून भाची बारीक होऊन आली तर त्या मामाला गावात तोंड दाखवायला जागा नाही.

मग मी सहावीत असताना ताप यायला लागला, आणि तो काही जाईना. हातापायांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. घरचे म्हणाले, पडली असेल कुठंतरी. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एवढी धष्टपुष्ट पोरगी, हिला काय होणार? माझ्या अंगावरच्या चरबीनं सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. शेवटी मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद हातात ठेवून पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा कॅन्सर म्हणून सांगितलं तेव्हा आईनं तोंडात पदर कोंबला आणि बाबा बाहेर जाऊन जिन्यात बसले. तू काय केलंस आठवतं? तू पुढं झालास आणि म्हणालास, "पर मॅडम, वजन तर चांगलं हाय की पोरीचं." त्या बाईंनी तुझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला तिथंच तुझी लाज वाटली. आता वाटते ती माया. तुला जगातली एकच गोष्ट खात्रीनं मोजता येत होती आणि तीच तू त्यांच्यासमोर ठेवलीस.

आमच्या घराला लागून पोल्ट्रीची शेड. तिथली धूळ आणि घाण मला चालणार नाही असं बाईंनी बजावलं, म्हणून उपचाराच्या काळात मी तुझ्याकडे राहायला आले. पुण्याला जायचं तर एसटीत माझ्या शेजारी तूच. पहिल्यांदा सलाइनमधून औषध सोडलं तेव्हा तू मान वर करून बाटलीकडे बघत होतास. पहिला थेंब पडला आणि तू मोठ्यांदा म्हणालास, "लाभ." दुसऱ्याला "दोन." तिसऱ्याला "तीन." सिस्टर गोंधळून म्हणाली, आजोबा, कसला लाभ? धान्य किंवा कांदा मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे तिला कुठून माहीत असणार? तिचा प्रश्न तुझ्या डोक्यात गेलाच नाही, 'आजोबा' मात्र जिव्हारी लागलं. पुढच्या खेपेला तू मिशीला कलप लावून आलास.

औषधांत स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. मामा, ती भूक काय भूक होती! सकाळी सहाला डोळा उघडला की मला मासवडी हवी असायची. ती खाताना दुपारच्या जेवणाची काळजी लागायची. तोंड पुरणाच्या पोळीसारखं गोल झालं, डोक्यावर केस नाहीत, पोट पुढं. शेजारची काकू बघायला आली आणि म्हणाली, "आजार मानवलाय की गं पोरीला." तू खूश. डॉक्टरबाई नाखूश.

त्यांनी स्पष्टच सांगितलं. वजन आधीच जास्त होतं, गोळ्यांनी अजून वाढतंय, रक्तात साखर चढतेय. गूळ, साखर, लाडू, तळण बंद. उपाशी ठेवायचं नाही, वाळवायचं नाही, अशक्त पोरांनाही औषधं सोसत नाहीत. पण वजन मापात राहायला हवं. आणि दर सोमवारी वजन करून वॉर्डात फोनवर कळवायचं. हे शेवटचं वाक्य ऐकताना तुझी छाती फुगली. वजन करायचं काम, आणि तेही सरळ दवाखान्यानं तुला दिलेलं! एसटीत तू कंडक्टरलासुद्धा ते सांगितलंस.

मग दर सोमवारी ओसरीवर समारंभ. मी काट्यावर, तू दांडीवरचं वजन दोन बोटांनी सरकवतोयस, दांडी अधांतरी थरथरतेय, मामी दारातून बघतेय. मग तू टोपी घालून फाट्यावरच्या एसटीडी बूथवर जायचास आणि अख्ख्या फाट्याला ऐकू जाईल असा आकडा सांगायचास. पहिल्या सोमवारी एकोणपन्नास. मग अठ्ठेचाळीस. मग सत्तेचाळीस. मग शेहेचाळीस. माझा फ्रॉक मात्र दर आठवड्याला घट्ट होत होता. मामीनं शिवण उसवली, तू म्हणालास, कापड आटलंय.

महिन्यानं पुण्याला गेलो. सिस्टरनं मला त्यांच्या काट्यावर उभं केलं. एकावन्न.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "मामा, सोमवारी शेहेचाळीस आणि आज एकावन्न? एसटीत बसून पोरगी पाच किलो वाढली?"

"मॅडम, राग मानू नगा," तू अदबीनं म्हणालास, "पर तुमचा काटा मारतोय."

आणि मग तू दवाखान्याचा काटा तपासायला घेतलास. खाली वाकून बघितलंस, बोटानं ठोकलंस, आमच्या सामानाची पिशवी आधी हातात तोलून आणि मग काट्यावर ठेवून बघितलीस. "सव्वासात," असं हाताचं माप सांगितलंस. काट्यानंही सव्वासातच दाखवलं. तुझा चेहरा पडला. दोन्ही काटे बरोबर होते, त्यामुळे खोटं बोलणारं तिसरं कुणीतरी होतं.

मी अकरा वर्षांची, पोटात भूक, डोक्यात ताप. सांगून टाकलं, "मामा बारदान वजा करतो."

बाईंना कळेना. मग तुला सांगावंच लागलं. कांद्याचं वजन करताना रिकाम्या गोणीचं वजन, म्हणजे बारदान, वजा करायचं असतं. कांदा ओला असला तर ओलीचंही धरायचं असतं. त्याप्रमाणे तू फ्रॉकचे पाव किलो धरलेस, चपलांचे पाव किलो, पोटातल्या जेवणाचे एक. गोळ्यांची सूज म्हणजे ओल, तिचे दोन. आणि तरीही आकडा वाढतोय असं दिसलं तेव्हा, तू खाली बघून म्हणालास, "लाडवाचं दीड."

"कसला लाडू?"

"शेंगदाण्याचा. दुपारचा येक द्यायचो. लई रडायची वो भुकंनं. मग वजनात तेवढा सोडून देत व्हतो. निव्वळ पोरगी शेहेचाळीसच हाय मॅडम, देवाशपथ."

बाई हसल्या. खूप हसल्या, सिस्टरही हसली, तूही बिचारा हसायला लागलास. मग त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "मामा, औषधाचा डोस हिच्या वजनावर आणि उंचीवर ठरतो. बरं झालं मी स्वतः वजन बघितल्याशिवाय डोस बदलत नाही. आणि दुसरी गोष्ट ऐका. तुम्ही जे बारदान म्हणून वजा करताय ना, त्याचीच मला काळजी आहे. आम्हाला अजून पुरतं कळलेलं नाही, पण जाड पोरांत, त्यातून हिच्या वयाच्या, हा आजार परत डोकं वर काढताना आम्ही जास्त बघतो. औषध रक्तात फिरतं तेव्हा आजाराच्या काही पेशी चरबीत दडून बसत असाव्यात, अशी शंका आहे. लिव्हरवर चरबी बसली की औषधं सोसत नाहीत, मग ती थांबवावी लागतात, आणि तेवढ्यात आजाराचं फावतं. तो बारदानातच लपलेला असला तर तुम्ही ते वजा करून कसं चालेल?"

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलास. खेडच्या घाटात माझ्याकडे न बघताच म्हणालास, "म्हंजी दर साली चार-चार किलो जागा मीच करून देत व्हतो का गं त्याला?"

मी म्हणाले, "मामा, मला भूक लागलीये."

या एका उत्तरासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू पार बदललास. घरात छोटा तराजू आला. माझी भाकरी तोलून ताटात पडायला लागली. लाडवांचा डबा तू स्वतः नेऊन शेजारी दिलास आणि शेजारच्या काकूला दम भरलास की पोरीला दिसंल असा ठेवायचा न्हाई. मामीनं कपाळावर हात मारून घेतला. "अवं, भाचीची भाकरी तोलत्यात का कुठं? लोक श्याण घालतील तोंडात." आणि लोकांनी घातलंच. मामानं भाचीची भाकरी तोलली, ही बातमी निरगुडसरपर्यंत पोचली. आजारी पोरीच्या पोटाला चिमटा घेतोय म्हणाले. अन्नाला कधी नाही न म्हणणारा तू, तुला गाव चिकट म्हणायला लागलं. तू कुणाला काही समजावायला गेला नाहीस. फक्त मामीला म्हणालास, "आयुक्शभर दुसऱ्याचं बारदान काढलं, आता लोकांनी माजं काढू दे."

आणि आपलं फिरणं! बाई म्हणाल्या होत्या, ताप नसेल त्या दिवशी रोज चालवा. मग दिवस मावळायच्या आधी आपण दोघं कालव्याच्या कडेनं. दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या असल्याच्या बातम्या. तुझ्या हातात काठी, दुसऱ्या हातात मोठ्यानं लावलेला रेडिओ. मी घाबरले की म्हणायचास, "बिबट्या आला तर तू पळ. मी त्येला आठवडाभर पुरंल." मी हसत सुटायचे आणि हसण्याच्या नादात पुढच्या पुलापर्यंत पोचायचे. तू मात्र पहिल्याच पुलाच्या कठड्यावर बसायचास आणि तिथून ओरडायचास, "आजून थोडं, आजून थोडं!" अडीच वर्षं तू मला चालवलंस आणि स्वतः कठड्यावर बसून राहिलास.

सोमवारचा फोन चालूच होता. पण आता तू नुसता आकडा सांगायचास. आकडा वाढला असला तर आवाज बारीक व्हायचा, पण आकडा तोच असायचा. पन्नास. पन्नास. एकोणपन्नास. परत पन्नास. वर्षभरात मी दोन बोटं उंच झाले आणि वजन होतं तिथंच थांबलं, तेव्हा बाई म्हणाल्या, अगदी हेच हवं होतं. तू सिस्टरला विचारलंस, "म्हंजी आमी पास?"

मध्येच मामीनं नवी शंका काढली. नवस तर बोलून बसलायस की पोरगी बरी झाली तर तिच्या वजनाइतका गूळ वाटीन. आणि आता इकडं पोरीचं वजन उतरवतोयस. "देवीला वाटंल गूळ वाचवाया बघतोय." तू घास हातातच धरून बसलास. ही गोष्ट तुझ्या ध्यानातच आली नव्हती. संध्याकाळी तिघं देवळात गेलो. मला तू बाहेर पारावर बसवलंस आणि मामीला घेऊन आत गेलास. बराच वेळ बाहेर आला नाहीस. काय बोललास ते मला कधी सांगितलं नाहीस. विचारलं की म्हणायचास, "धंद्याची बोलनी हायेत ती."

औषधं संपली. मग पाच वर्षं नुसत्या तपासण्या. यंदा बाई म्हणाल्या की आता हिला बरी झाली म्हणायला माझी हरकत नाही. मी पुण्याहूनच तुला फोन केला. तू म्हणालास, "लाभ." आणि फोन ठेवून दिलास. नंतर मामीनं सांगितलं, तू परसात जाऊन तोंड धुतलंस, त्याच दिवशी गूळ सांगून आलास, आणि काट्याला तेल घातलंस. अकराव्या दिवशी सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि तू गेलास. गूळ आला तेव्हा घरात तुझा फोटो होता.

मामा, आता माझा राग ऐक. सगळ्या गावाला काट्यावर चढवलंस, तू स्वतः कधी चढलास? पंचाण्णव तरी नक्की होतास. मला गूळ बंद, आणि तुझा चहा पाकासारखा. मी तरी एकदा हात धरून तुला वर उभं करायचं. पण काटा धरणाऱ्याचं वजन कुणी करायचं, हा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनाला शिवला नाही. तू नेहमी दांडीच्या बाजूला. आम्ही नेहमी फळीवर.

आणि दुसरं. खेडच्या घाटातल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मी कॉलेजात गेल्यावर डॉक्टरबाईंना विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, हा आजार कुणाच्या खाऊ घालण्यानं आलेला नाही. तो का येतो ते बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही. आल्यावर त्याच्याशी लढताना वजन आडवं येतं, एवढंच, आणि ते तुझ्या मामांनी आवरलं. मी हे तुला सांगणार होते. मग वाटलं, तू कधीच विसरला असशील. तू विसरला नव्हतास ना? म्हणून तर माझ्या घरी आलास की लाडवाला हात लावायचा नाहीस. मामा, तू त्याला जागा करून दिली नव्हतीस. सात वर्षं उशिरा सांगतेय.

आज सकाळी आणखी एक गोष्ट झाली. उद्यासाठी काटा बरोबर आहे का ते बघायला कुणीतरी वर चढायला हवं होतं. मी दांडी धरलेली. मामीनं इकडं तिकडं बघितलं, पदर खोचला, आणि चढली. तीस वर्षांत पहिल्यांदा. आकडा मी सांगणार नाही, तिनं शपथ घातलीये. आणि तिथं फळीवर उभ्या उभ्याच तिनं तुझी ती धंद्याची बोलणी मला सांगितली.

तू देवीला म्हणाला होतास, "आये, वजनाचं मनावर घेऊ नगंस, त्ये उतरवायची डाक्टरची आज्ञा हाय. जेवढी भरंल तेवढा गूळ देतो. माज्या धंद्यात मी सगळ्यांचं बारदान काढलं. ही पोरगी मातर बारदानासकट दे. जाडी दे, बारीक दे, टकली दे, सुजल्याली दे. मी काय बी वजा करनार न्हाई."

हे सांगून मामी खाली उतरली आणि ढेपांवरचं फडकं बघायला आत गेली. मी दांडी तशीच धरून उभी राहिले.

तर मामा, उद्याचं वचन लिहून देते. काटा मामी धरणार आहे. देऊळ आहे म्हणून चपला तेवढ्या काढीन; बाकी पोटभर जेवून, नेसत्या साडीनिशी, हातात बांगड्या घालून चढीन. तुझी टोपी आणि कालव्यावरची काठी हातात धरीन, तेवढा गूळ जास्त जाऊ दे. मग मी उतरीन आणि मामी पहिली ढेप ठेवील. त्या वेळी 'लाभ' मी म्हणेन, तुझ्यासारखंच, अख्ख्या देवळाला ऐकू जाईल असं. प्रसाद वाटून झाला की संध्याकाळी मामीला घेऊन कालव्यावर जाईन. पहिल्या पुलावर तिला बसू देणार नाही. काहीच वजा करणार नाही, मामा.

तुझी भाची,
सुरेखा

(आज दुपारी, जेवून, बारदानासकट, छप्पन्न किलो)